तारेने बांधलेला व्हॉल्व्ह

ल्होत्का गावच्या बायकांच्या अग्निशमन संघात व्लास्ता सोडून पंपाला कुणी हात लावायचा नाही, असा अलिखित कायदाच होता. व्लास्ता आठवडाभर दूधसंकलन केंद्रात कॅन धुवायची आणि शनिवारी पंपापाशी उभी राहिली की राणी व्हायची. तळ्याकाठच्या मैदानात सगळ्या पंचक्रोशीची स्पर्धा भरे. टाकीतून पाणी उचलायचं, होजच्या लांब नळ्या पसरत धावायचं आणि दोघींनी त्यांच्या टोकांच्या दोन नोझलमधून समोरच्या निशाण्यांच्या भोकांत पाणी मारायचं. ज्यांचे निशाणे आधी भरतील त्यांचा चषक. उजवं नोझल व्लास्ताच्या मुलीकडे, कामिलाकडे असे. डावं भाचीकडे, इवोनाकडे.

गेल्या वर्षी ल्होत्काचं पाणी पापणी लवण्याइतकं उशिरा आलं आणि शेजारच्या ब्रेझी गावाने चषक उचलून नेला होता. तेव्हापासून त्यांचा प्रशिक्षक श्तेपान दिसेल तिथे विचारायचा, "काय व्लास्ता, आलं का पाणी?" दुकानात, चर्चच्या पायरीवर, एकदा तर अंत्यविधीच्या जेवणात. व्लास्ता हसून दाखवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

पंपावर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. दोन नोझलपैकी एक अचानक बंद झालं की सगळा दाब दुसऱ्याकडे धाव घेतो. तेव्हा हा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि जादा पाणी बाहेर टाकतो. पलीकडे नोझल धरून उभा असलेला माणूस त्यामुळे वाचतो. पण शर्यतीत तो मुलखाचा घाबरट ठरायचा. जरा इंजिनाची रेस वाढवली की उघडायचा आणि ऐन वेळी दाब खायचा. शर्यतीत नोझल बंद करायचा प्रश्नच नसतो, निशाणे भरले की खेळ खलास. म्हणून त्या सकाळी व्लास्ताने कुणी बघत नाहीसं पाहून कुंपणाची तार घेतली, व्हॉल्व्हभोवती गुंडाळली आणि पकडीने करकचून पिळली. वर एक फडकं टाकलं. असल्या लबाडीला संघ बाद करतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुपारी ल्होत्का जिंकली. पाणी असं सुटलं की निशाण्याची फळीच हलली. कामिलाने आईला उचलून गोल फिरवलं, भाजलेल्या सॉसेजच्या गाडीवरचा माणूससुद्धा टाळ्या वाजवत बाहेर आला. श्तेपान येऊन हात मिळवून गेला. व्लास्ताला त्याचा पडलेला चेहरा फार गोड वाटला.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं. तळ्याच्या पलीकडे म्हाताऱ्या रेहोरच्या गोठ्यावरून धूर निघत होता. खाली वासरं, वर माळ्यावर नुकतंच भरलेलं वाळलं गवत.

तळ्याच्या सर्वांत जवळ व्लास्ताचाच पंप होता. बाकीच्यांनी आपापले पंप गाड्यांवर चढवून दोरखंडाने बांधूनही टाकले होते. सहाजणांनी तिचा पंप उचलला, गोठ्याजवळच्या काठावर आदळला, नळी तळ्यात सोडली. शहरातून अग्निशमनाची गाडी यायला वेळ होता. कामिला होज खांद्यावर घेऊन शिडीने माळ्याच्या दारापर्यंत चढली. इवोना खाली गोठ्याच्या दारात शिरली. "पाणी!" दोघी ओरडल्या, अगदी मैदानात ओरडतात तशाच, आणि व्लास्ताच्या हाताने सवयीने पूर्ण रेस दिली.

मग तिला तार आठवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मैदानात मुलीचे पाय गवतावर असतात. इथे ती शिडीच्या वरच्या पायरीवर होती, कमरेला दोर नाही, समोर ज्वाळा. आणि खाली इवोना काय करणार हे व्लास्ताला स्वच्छ दिसत होतं. वासरू ओढायला हात मोकळा हवा, म्हणजे ती नोझल बंद करून खाली ठेवणार. कुणीही तेच करील.

"बंद करू नकोस! इवोना! बंद करू नकोस गं!" ती घसा फाडून ओरडली, हात हलवले. पंपाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. इवोनाने वळून पाहिलं, तिनेही आनंदाने हात हलवला आणि नोझल बंद केलं.

वर कामिलाला धक्का बसला. होज तिच्या खांद्यावरून उसळली, शिडी भिंतीपासून सुटली आणि परत आपटली, हेल्मेट दगडावर खणकलं. व्लास्ताने रेस एकदम कमी केली. पाण्याचा फवारा मलूल झाला, तशी माळ्याच्या दारातून आग बाहेर आली आणि कामिलाच्या तोंडापर्यंत पोचली. व्लास्ताने पुन्हा रेस वाढवली. जास्त दिलं तर मुलगी खाली पडते, कमी दिलं तर भाजते, अशा कात्रीत तिचा हात सापडला होता.

इवोना वासरू बाहेर सोडून परत आत गेली, नोझल उघडलं. आता पुढचं वासरू. व्लास्ताने एका हाताने फडक्याखाली तार चाचपली. नखं मोडली, पण पीळ हलेना. पकड मैदानात, अवजारांच्या पेटीत राहिली होती.

"काय व्लास्ता, येतंय ना पाणी?" श्तेपान शेजारी येऊन उभा राहिला. या वेळी टोमणा नव्हता. त्याचाही चेहरा उतरला होता. "फवारा असा वरखाली का होतोय?"

सांगायला हवं होतं. एक वाक्य. पण मागे अख्खं मैदान गोळा झालं होतं, पंच होते, ब्रेझीच्या बायका होत्या. 'लबाड' म्हणतील. कामिलालाही म्हणतील. 'मीच सांभाळीन,' तिने स्वतःला बजावलं, 'नुसती नजर ठेवायची, इवोनाचा हात हलला की रेस कमी.' ती इवोनाच्या हाताकडे बघत राहिली. धूर दारातून लोटला, इवोना दिसेनाशी झाली, आणि त्या धुरातच तिने नोझल पुन्हा बंद केलं.

कामिलाचा पाय पायरीवरून सुटला. ती नोझलला लटकली, एक गुडघा शिडीत अडकलेला, होज तिला झोडपत होती. मागची माणसं किंचाळली.

"व्हॉल्व्ह बांधलाय!" व्लास्ता ओरडली. "मी बांधलाय, तारेने! शर्यतीसाठी! पकड आणा, कुणीतरी पकड आणा रे!"

सगळ्यांनी ऐकलं. श्तेपानने तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या खिशातून पकड काढली. तार कुठे असते हे त्याने विचारलं नाही. फडकं दूर करून थेट तिथेच पकड लावली, एकदा, दोनदा, आणि तार तुटली. स्पर्धेच्या दिवशी तो पकड कशासाठी बाळगतो, हे व्लास्ताच्या लक्षात आलं, पण तेव्हा तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

व्हॉल्व्ह फुसकन उघडला. पाणी दोघांच्या बुटांवर सांडलं. वरचा फवारा शांत झाला आणि कामिलाने चाचपडत पायरी शोधली. पुढच्या वासराच्या वेळी इवोनाने नोझल बंद केलं तेव्हा व्हॉल्व्हने आपणहून पाणी ओकलं आणि वर शिडी तसूभरही हलली नाही. व्लास्ता त्या ओघळाकडे बघत हुंदके देत होती.

शहराची गाडी आल्यावर कामिलाला खाली उतरवलं. गोठ्याचं छप्पर गेलं, वासरं वाचली. रेहोर प्रत्येक वासराच्या कपाळावरून हात फिरवत होता. कामिला गवतावर बसली होती, भुवया जळालेल्या, एक खांदा विचित्र उतरलेला. नोझल अजून तिच्या मुठीतच होतं. बोटं उघडत नव्हती.

व्लास्ता तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "तू बंद का नाही केलंस गं? पाय सुटला तेव्हा? बंद करून दोन्ही हातांनी शिडी धरायची होतीस!"

"दोन्ही बंद झाली असती तर होज फुटली असती," कामिला म्हणाली. तिचा आवाज धुराने बसला होता. "इवोनाच्या पायाशीच होती ती. व्हॉल्व्ह बांधलेला होता ना."

व्लास्ताला वाटलं, हिने आताच ऐकलं असेल. पण कामिलाने मान हलवली.

"सकाळीच बघितलं मी तुला. तार पिळताना. बोलले नाही. चषक मलाही हवा होता."

व्लास्ताने तिचं एक बोट नोझलवरून सोडवलं. मग दुसरं. तळव्याची कातडी नोझललाच चिकटून आली.

"पहिला धक्का बसला ना, तेव्हा मी इतकी घाबरले नाही," कामिला म्हणाली. "म्हटलं, आई खाली आहे. आता सांगेल ती कुणालातरी." ती आईच्या हातांकडे बघत होती. "वरून दिसत होतं मला, श्तेपानकाका तुझ्या शेजारीच उभे होते."

व्लास्ताने तिसरं बोट धरलं, पण ते तिच्याने सोडवेना.