दुर्गाबाईच्या गोठ्यातली जीप

मच्छिंद्रचं नाव निघालं की भुजंगचं डोकं फिरायचं. मोटार वायंडिंगच्या दुकानात गिऱ्हाईक समोर असलं तरी तो हातातली तार टाकून द्यायचा आणि मच्छिंद्रच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. गिऱ्हाईक बिचारं आपल्या जळालेल्या पाणबुडी मोटारीसाठी आलेलं असायचं. त्याला यातलं ओ का ठो कळायचं नाही.

भुजंगला जुन्या गाड्यांचं वेड होतं. जालन्यात असे सात-आठ वेडे होते आणि दर रविवारी मंठा रोडवर याकूबच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते जमायचे. याकूब मेकॅनिक. घनसावंगीचे काकासाहेब मास्तर आपली फियाट घेऊन यायचे. कोणाची अँबेसेडर, कोणाची पलटणीच्या लिलावातली जीप. नव्या मारुत्या घेऊन मिरवणाऱ्यांकडे ही मंडळी कीव केल्यासारखी बघायची. कीव कशाची, माज होता तो. आणि भुजंगचा सगळ्यांत जास्त.

त्यांचे नियम होते. एकमेकांना सुटा भाग द्यायचा, विकायचा नाही. जुन्या गाडीच्या मालकाला आपण होऊन किंमत विचारायची नाही, कारण किंमत विचारणारा तो दलाल. मालकानं स्वतः म्हणावं, "घेऊन जा बाबा," तोवर जात-येत राहायचं, चहा प्यायचा, गाडीची धूळ झटकायची. आणि एखाद्या खेड्यात चांगली गाडी दिसली की तिच्या स्टेअरिंगला लाल फडकं बांधून यायचं. फडकं दिसलं की मंडळीतल्या दुसऱ्यानं त्या गाडीकडे वळून बघायचं नाही. या फडक्यावरून त्यांच्यात कधी भांडण झालं नव्हतं आणि याचा भुजंगला मोठा अभिमान होता.

मच्छिंद्र यांच्यात शिरला तो सत्त्याण्णव साली. तोंडाचा गोड. येताना भजी आणायचा, पाना हातात धरून उभा राहायचा. काकासाहेबांनी वाटूरला शोधून ठेवलेली फियाट त्यानं मागितली, तर मास्तरांनी ती देऊन टाकली, वर घरातला कार्ब्युरेटरही दिला. याकूबनं चार रविवार खपून इंजिन बांधून दिलं, एक पैसा घेतला नाही. गाडी तयार झाली आणि पुढच्या आठवड्यात मच्छिंद्रनं ती पुण्याच्या एका हॉटेलवाल्याला तिप्पट भावानं विकली. दारात शोभेला उभी करायला. काकासाहेब दोन दिवस धड जेवले नाहीत. मच्छिंद्र मात्र पुढच्या रविवारी भजी घेऊन हजर. भुजंगनं ती भजी नालीत फेकली आणि त्याला शेडबाहेर काढलं.

इतक्यावर थांबला असता तर काय पाहिजे होतं. पुढच्या वर्षभरात मंडळींनी हेरलेल्या गाड्या एकामागून एक गायब व्हायला लागल्या. परतूरकडची एक, घनसावंगीची एक. जाऊन बघावं तर जागा रिकामी, आणि मालक खुशीत. मच्छिंद्रला कसं कळतं, कोण फितूर आहे, यावरून मंडळी एकमेकांकडे संशयानं बघायला लागली. मग एका रविवारी याकूब चहा पिता पिता थांबला.

"फितूर कुनी न्हाई," तो म्हणाला. "आपुनच सांगून राह्यलो ना त्येला. चांगल्या गाडीला फडकं बांधून ठिवलंय. त्यो खेड्यात जातो, फडकं बघतो, बस."

भुजंगच्या हातातला कप तसाच राहिला. त्याला आठवली केदारखेड्याची जीप.

ती जीप रामरावांची. त्यांनी ती लिलावातून आणली आणि वीस वर्षं भोकरदन रोडवर सवाऱ्या मारल्या. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं, दुर्गाबाईंनी, ती गोठ्यात लावली. स्टेअरिंगला फडकं बांधून भुजंग पाच वर्षं तिथे जात होता. जिल्ह्यात तशी दुसरी जीप नव्हती, बॉनेटपासून हुकापर्यंत मूळची. त्याला ती हवी होती. लग्नात बायकोसाठी त्यानं जितका धीर धरला नसेल तितका त्यानं या जीपसाठी धरला होता. दुर्गाबाई एक दिवस आपण होऊन म्हणतील, याची त्याला खात्री होती.

सोमवारी दुकान बंद ठेवून तो याकूबला मोटरसायकलवर मागे बसवून केदारखेड्याला गेला. दुर्गाबाई अंगणात कडबा सोडत होत्या. साठीच्या पुढची, सडसडीत, कमी बोलणारी बाई. भुजंगनं पाणीही न पिता विषय काढला. तर त्या शांतपणे म्हणाल्या, गाडी दिली. मच्छिंद्र परवा येऊन गेला, आज दुपारी टेम्पो घेऊन येतोय.

भुजंग मग सुटला. तो माणूस कसा चोर आहे, काकासाहेबांना त्यानं कसं नागवलं, तो जीप नेऊन कोणा शेठच्या फार्महाऊसवर रंगवून ठेवील, रामरावांच्या आत्म्याला काय वाटेल, सगळं बोलून झालं. शेवटी त्यानं हातही जोडले. दुर्गाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, बोलून झालेलं मी फिरवत नाही. चहा टाकते.

त्या आत गेल्या तसा भुजंग गोठ्यात शिरला. बॉनेट उचललं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि आतला रोटर काढून खिशात घातला. अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा. तो नसला की ठिणगी पडत नाही, गाडी जागची हलत नाही. आणि त्या जीपचा जुना रोटर आता बाजारात मिळत नव्हता. याकूब दारातून बघत होता. त्यानं नको अशी मान हलवली. भुजंग ओट्यावर येऊन बसला. बसू दे मच्छिंद्रला बोंबलत, असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटून त्याला बरंही वाटत होतं.

दुपारी मच्छिंद्र आला. भुजंगला बघून हसला, नमस्कारही केला. बरोबर चार माणसं आणि टेम्पो. भुजंग वाट बघत होता की हा आता जीपमध्ये बसेल, स्टार्टर दाबील, घामाघूम होईल. मच्छिंद्रनं बॉनेट उघडलंसुद्धा नाही. फळ्या लावल्या, माणसांनी धक्का दिला आणि जीप ढकलत टेम्पोत चढवली. त्याला ती चालवायचीच नव्हती.

भुजंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेम्पोला आडवा उभा राहून तो ओरडला, की पाच वर्षं या गाडीची धूळ मी पुसली, फडकं माझं आहे, तुझा काय हक्क? गल्लीतली दहा माणसं जमली. मच्छिंद्र काही बोलायच्या आत दुर्गाबाई पायरी उतरून खाली आल्या.

"फडकं बांधलंस तव्हा मला इचारलं होतंस का रे, भुजंगा?"

भुजंग एक पाऊल मागे सरला.

"पाच वर्सं मी वाट बघितली. तू येतोस, च्या पितोस, गाडीवरून हात फिरवतोस अन् जातोस. मला त्या गोठ्यात म्हशी बांधायच्या होत्या. गावात कुनी घ्यायला तयार न्हाई. का, तर तू स्टँडवर सांगून ठिवलं की गाडी भुजंगची झालीय. तुझ्यासारखेच दोघं आल्ते, तांबडं फडकं बघून गुमान माघारी गेले. ह्या पोरानं इचारलं, काकू, तुम्हाला काय पाहिजे. पयल्यांदा कुनी इचारलं."

भुजंगला म्हणायचं होतं की आमच्यात विचारत नाहीत, आम्ही दलाल नाही. त्यानं याकूबकडे पाहिलं. याकूब दुसरीकडे बघत होता.

"अन् आता खिशातलं काढ," दुर्गाबाई म्हणाल्या. "गाडीला चावी नव्हती. आमचे हे रोज रातीला तेवढं काढून माझ्यापाशी द्यायचे. उशाखाली घेऊन निजले मी वीस वर्सं. बॉनेट वाजलेलं मला चुलीपसून कळतं."

लोक बघत होते. भुजंगनं रोटर काढून त्यांच्या हातावर ठेवला. दुर्गाबाईंनी तो पदरानं पुसला आणि मच्छिंद्रपुढे धरला. मच्छिंद्रनं तो उलटसुलट करून बघितला.

"हे काय असतंय, काकू? कुठं बसतंय?"

"त्येला ठाऊक हाय," दुर्गाबाईंनी भुजंगकडे बोट दाखवलं. "बसवून दे, भुजंगा. म्या गाडी पुरी विकलीय."

भुजंग टेम्पोत चढला. बॉनेट उघडून त्यानं रोटर जागेवर बसवला, टोपी लावली आणि कोणाकडे न बघता खाली उतरला.