चाचा बराबर शून्य

अर्धापुरातल्या केळी पिकवायच्या चेंबरवर सिंधू कम्प्युटर सांभाळायची. आलेख काढायचं सॉफ्टवेअर ती मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकली होती. त्यात आकड्यांना ए, बी, सी अशी नावं देतात. पण ए म्हणजे कोण, हे तिला दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. म्हणून तिनं घरचीच माणसं कामाला लावली. थंडीचं नाव सासू. केळी पिकवायला सोडतात त्या गॅसचं नाव जाऊ. दिसत नाही, पण रंग बदलून टाकते. केळी पिवळी होण्याचं फंक्शन म्हणजे नवरा, कारण कधी उठेल सांगता येत नाही. आणि दिवसातून किती वेळा दार उघडलं, ते चाचा.

चाचा म्हणजे गुलाम रसूल, चेंबरवरचा सगळ्यात जुना माणूस. केळीचा वास घ्यायला दार उघडायचे, आणि बाहेर बेचाळीस डिग्री असली की जरा जास्तच वास घ्यायचे.

"सगळी थंडी हा म्हातारा खाऊन राहिला," मालक वैजनाथशेठ त्या सकाळी कुलूप घेऊनच आले. "दाखवा आलेखात. आजच घरी पाठवतो त्याला."

सिंधूनं थंडीची रेघ काढली. दिवसाला पाच उंचवटे. दारात उभे असलेले चाचा टोपी काढून डोकं खाजवू लागले.

आपल्याच हातानं म्हाताऱ्याची भाकर काढून घेतली की, सिंधूला वाटलं. मग तिला मागच्या महिन्यातला आठवडा आठवला. चाचा भाचीच्या शादीला देगलूरला होते, दार बंदच होतं. तिनं ते आकडे घातले आणि लिहिलं, चाचा = ०.

"अबब! रेघ कशी सपाट झाली!" शेठ खूश.

"आता नवरा बघा."

पिवळेपणाची रेघ लोळत पडली होती. "चाचा पाच, तर माल चौथ्या दिवशी पिवळा. शून्य, तर सहाव्या. कोंडलेली हवा केळी पिकू देत न्हाई, ती दारातूनच जाते, शेठ."

"मग दहा करा!"

दहा केलं. सासू तापली, जाऊ पळाली, नवरा परत झोपला. शेठनं कुलूप खिशात घातलं. "पाचच राहू द्या. आन् मी कुठंय ह्याच्यात?"

"तुमच्यानं रेघ हलत न्हाई, शेठ. वर मथळ्यात नाव घातलंय."

"बेटी, मला शून्य केलतं का?" चाचांनी विचारलं.

"दोनच मिनिटं, चाचा."

चाचा लगेच वास घ्यायला आत गेले. सकाळचे अकरा, आणि हे चौथं दार. पाचवं तेवढं संध्याकाळला ठेवा, सिंधू ओरडली.