नळापासून खाडीपर्यंत

मी एक जुना सार्वजनिक नळ आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू स्वतःची कहाणी सांगायला बसल्या की बहुधा हळव्या होतात. मी हळवा होणार नाही. मी रागावलेलो आहे. तीन वर्षं झाली, माझ्या तोटीतून पाण्याचा थेंब आलेला नाही, आणि त्यात माझा काडीचाही दोष नाही. दोष कुणाचा, ते ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

कळव्याच्या बाजूला ओतकामाची एक शेड होती. तिथे माझा जन्म झाला. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओतलं, थंड झाल्यावर घासून काढलं, वर पितळेची तोटी बसवली, आणि मी कमरेएवढ्या उंचीचा, काळा कुळकुळीत, चांगला दणकट नळ झालो. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली मला टेंपोत घालून डोलपाड्याला आणलं.

डोलपाडा म्हणजे ठाकुर्लीच्या खाडीकडच्या अंगाला असलेली कोळ्यांची वस्ती. सरळ एक गल्ली आणि दोन्ही बाजूंना मिळून ऐंशी घरं. गल्लीच्या वरच्या टोकाला मी आणि खालच्या टोकाला खाडी. मी येण्याआधी इथल्या बायका रुळापलीकडच्या चाळीत पाण्याला जायच्या. तिथल्या बायका म्हणायच्या, "आमचं भरून होऊ दे, मग बघू." त्यांचं भरून होईपर्यंत पाणी जायचं.

मी इथे आलो तो भागीरथीमुळे. तेव्हा ती तिशीची होती. पालिकेत नळासाठी अर्ज दिला आणि दर मंगळवारी मासळीची टोपली घेऊनच ती साहेबांच्या दारात बसू लागली. टोपलीचा वास थेट साहेबांच्या टेबलापर्यंत जायचा. अकरा मंगळवार साहेबांनी नाकाला रुमाल लावून काढले. बाराव्या मंगळवारी सही झाली.

पाणी आलं त्या सकाळी माझ्या अंगाला हळद लागली, पायाशी नारळ फुटला. भागीरथीने पहिला हंडा भरला आणि तो स्वतःच्या घरी न नेता गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईच्या दारात नेऊन ठेवला. मला फार बरं वाटलं होतं, ते कशाला लपवू?

मग दहा-बारा वर्षं मी राबलो. सकाळी दोन तास, संध्याकाळी दीड तास. हळदीचं पाणी माझं, बारशाचं पाणी माझं, जाळी धुऊन आलेल्या हातांवर पडणारं पाणीही माझंच. भांडणं व्हायची, हंडे आपटायचे, एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि पाणी गेलं की सगळ्या एकमेकींच्या डोक्यावर हंडे चढवून द्यायच्या. घरांच्या डाव्या रांगेतल्या बायका आणि उजव्या रांगेतल्या बायका असा फरक तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. नळावर सगळं कळतं, मित्रांनो. पुढचं जे सांगणार आहे, त्यातलं काही मी पाहिलं आणि बाकीचं रांगेत ऐकलं.

तोवर आजूबाजूची शेतं बुजली. भाताच्या खाचरांत चार-चार मजली इमारती उठल्या, कुठून कुठून माणसं राहायला आली. आणि एक्क्याण्णव साली सरकारने सगळ्यांची मोजदाद केली.

आमच्या पाड्यावर मोजायला आले सुधीर मास्तर. डोंबिवलीतल्या एका शाळेत शिकवायचे, सभ्य माणूस. तीन दिवस दुपारी यायचे, माझ्याजवळच्या दगडावर बसायचे, कुणा घरून आलेलं तांब्याभर पाणी प्यायचे आणि मग घरोघर जायचे. दुपारी होड्या खाडीत असत. तरणे पुरुष, म्हातारे पुरुष, हाताशी आलेले मुलगे, सगळे पाण्यावर.

आणि इथेच घात झाला. पाण्यावर गेलेल्या माणसाची गणती घरच्या बाईने करायची नाही, नावही घ्यायचं नाही, अशी पाड्याची रीत. मोजलेलं माणूस खाडी ठेवून घेते, असं जुन्या बायका सांगायच्या. भागीरथीची सासू रंभा तर याबाबत फारच कडक. तिचा नवरा एका उधाणाला परत आला नव्हता, आणि त्या दिवशी कुणा पाहुण्याने "होडीत किती जण गेलेत?" म्हणून विचारलेलं आणि तिने सांगितलेलं. ते तिने जन्मभर स्वतःला माफ केलं नव्हतं.

मास्तरांनी भागीरथीला माझ्याजवळच गाठलं. "घरात माणसं किती?"

"आमी चौगी. मी, सासू नि दोन पोरी."

"आणि तुमचे यजमान?"

"भायेर हायत. त्यांचा नाय सांगाचा, मास्तर. होडी येऊं दे, मग इचारा."

होडी यायला संध्याकाळ होणार होती. मास्तरांना अजून तीस घरं उरकायची होती, वर परीक्षेचे पेपर तपासायचे होते. दोरीवर पुरुषांचे सदरे वाळत होते, ओटीवर भल्यामोठ्या चपला होत्या, ते सगळं त्यांना दिसत होतं. तरी त्यांनी लिहिलं, चार. घरामागून घर तेच झालं. साडेसहाशे माणसांचा पाडा कागदावर तीनशे बासष्टांचा झाला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. माझ्याकडे तोटी होती, आणि तिच्यातून फक्त पाणीच यायचं.

चार वर्षं कुणाला काही कळलं नाही. मग पालिकेची निवडणूक लागली. वस्ती वाढली म्हणून शहराचे नव्याने प्रभाग पाडायचं ठरलं. प्रभाग म्हणजे शहराचे तुकडे. प्रत्येक तुकड्यातून एक नगरसेवक निवडायचा आणि प्रत्येक तुकड्यात माणसं साधारण सारखी असायला हवीत. यात वाईट काहीच नाही. जिथे माणसं वाढली, तिथे नगरसेवक वाढलाच पाहिजे. पण प्रभाग पाडणाऱ्या पालिकेतल्या साहेबांनी एक ठरवलं होतं. पाचशेच्या वरची वस्ती फोडायची नाही आणि त्याखालची असेल तर जिथे माणसं कमी पडतील तिथे वाटून टाकायची. इमारतींच्या प्रभागात एकशे नव्वद कमी पडत होती, चाळींच्या प्रभागात एकशे बहात्तर. झालं! डोलपाडा मधोमध चिरला आणि दोन्हीकडचे खड्डे बुजवले.

आणि कुठून चिरला, ठाऊक आहे? सुधीर मास्तर कागद घेऊन आले आणि रांगेत उभं राहून त्यांनी वाचून दाखवलं, "प्रभागाची हद्द, सार्वजनिक नळापासून गल्लीने खाडीपर्यंत." सार्वजनिक नळ म्हणजे मी! ज्याच्याभोवती अख्खा पाडा दोन वेळा जमायचा, त्यालाच यांनी हद्दीचा खुंटा केला. भागीरथीचं घर एका प्रभागात, समोरच्या तिच्या दिराचं, नामाचं, दुसऱ्या प्रभागात. मला कुणी विचारलं? साहेब एकदा तरी या गल्लीतून चालत गेले होते?

"हे माझ्यामुळे झालंय," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी संध्याकाळी परत यायला हवं होतं."

"मंग आता रडू नका, अर्ज लिवा," भागीरथी म्हणाली.

त्यांनी हरकतीचा अर्ज लिहिला. सुनावणीची तारीख नेमकी उधाणाच्या दिवसांत पडली. तिचा नवरा दामाजी म्हणाला, "उधानाचीच मासली. आज नाय गेलो तं महिना कोरडा जाईल." ती म्हणाली, "तुमी जा. त्या हापिसाचा दरवाजा मना म्हाईत हाय."

दुपारी ती परतली तेव्हा रांग लागलेली नव्हती, तरी सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. तिथे काय झालं ते तिने जसं सांगितलं तसंच सांगतो.

साहेब म्हणाले होते, "बाई, सरकारी आकडा तीनशे बासष्ट आहे. तुम्ही म्हणता साडेसहाशे. मग बाकीचे काय हवेत राहतात?"

सभागृहात चार-सहा जण हसले होते. मास्तर काही बोलायला उठले, तर साहेबांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. तेव्हा भागीरथीने पदर खोचला. "लिवा," ती म्हणाली. "एक, दामाजी, माजा घरवाला. दोन, नामा, माजा दीर. तीन, भगवान, त्याचा पोर..." ज्या घडीला ही नावं ती घेत होती, त्या घडीला ती सगळी माणसं उधाणाच्या पाण्यावर होती. तरी ती थांबली नाही. एकेचाळिसाव्या नावाला साहेबांनी हात वर केला.

"पुरे, पुरे. जनगणनेचा आकडा बदलायचा अधिकार मला नाही. तो तुम्हीच सांगितलेला आहे. आणि नळ ही पक्की खूण आहे, हद्द तिथूनच राहील. पुढचे या!"

हे ऐकून बायका हळहळल्या नाहीत. त्या घाबरल्या. रंभा तर सुनेवर तुटून पडली. "मोजलंस? पान्यावं असताना मोजलंस? माज्या दोनी पोरांचा नाव घेतलंस?"  भागीरथी माझ्या दगडावर बसली आणि गल्लीच्या खालच्या टोकाकडे बघत राहिली. संध्याकाळचं पाणी आलं, हंडे भरले, पाणी गेलं, तरी ती उठली नाही. मी तिच्या पाठीला टेकून उभा होतो. तिचा श्वास मला कळत होता.

दिवस मावळायच्या आत होड्या आल्या. ती धावली नाही. एकेक माणूस गल्ली चढून वर येत होता आणि ती बोटं मिटत होती. दामाजी आला. नामा आला. भगवान आला. शेवटचा माणूस आला तेव्हा ती उभी राहिली आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की दोन्ही रांगांतली दारं उघडली.

"खाडीनं एकेचाळीसच्या एकेचाळीस परत दिले! हापिसानं एक पन धरला नाय!"

मित्रांनो, असा राग मी आयुष्यात पाहिलेला नव्हता, आणि तो मला अजून सोडत नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना माझं बीड तापतं. निवडणूक झाली. दोन्ही प्रभागांत आमचा पाडा म्हणजे शेपटाचं टोक. अर्धी मतं इकडे, अर्धी तिकडे, आणि विचारतो कोण? वर्षभराने इमारतीसाठी चर खणताना माझ्याखालचा पाइप फुटला. भागीरथी इकडच्या नगरसेवकाकडे गेली. ते म्हणाले, "वहिनी, नळ पलीकडच्या प्रभागात येतो." ती पलीकडच्याकडे गेली. तो म्हणाला, "छे हो, तो तर त्यांचा!" पालिकेत गेली तर उत्तर आलं, "नळ हद्दीवर आहे. दोघांची पत्रं आणा, लगेच जोडून देतो." आजवर एकही पत्र आलेलं नाही. माझ्या पितळी तोटीला हिरवा गंज चढला. पाड्यातल्या बायका पुन्हा रूळ ओलांडून चाळीत जातात आणि त्यांचं भरून होईपर्यंत उभ्या राहतात.

आता नव्याण्णव साल आहे. वर्षा-दीड वर्षात पुन्हा मोजदाद होईल, असं मास्तर सांगून गेले. परवा भर दुपारी, होड्या पाण्यावर असताना, भागीरथीने सगळ्या बायकांना माझ्याभोवती बसवलं. हातात वही होती. म्हणाली, "या खेपेला आपली यादी आपन करू. घरातलं हरेक मानूस. पान्यावं असलेलं पन."

 सगळ्यांच्या नजरा म्हाताऱ्या रंभेकडे गेल्या.

"जलमभर खाडीला भ्यायलो," भागीरथी म्हणाली. "भ्याचा होता तो कागदाला."

 रंभा काठी टेकत उठली, एक हात तिने माझ्या डोक्यावर ठेवला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माजं पयलं लिव. दामाजी, एक. नामा, दोन." मग तिचा आवाज फाटला. "आनि जो गेला तो माज्या मोजन्यानं नाय गेला. तो उधानानं गेला."

वही भरली. सहाशे त्र्याण्णव माणसं निघाली.

मित्रांनो, तुमच्या दारात कुणी मोजायला आलं, तर एकही माणूस लपवू नका. आणि तुमच्यापैकी कुणी उद्या साहेब होऊन नकाशावर पेन टेकवून बसलं, तर आधी त्या गल्लीतून एकदा पायी चालत जा. तिथे कोण कुणाच्या डोक्यावर हंडा चढवून देतं, ते डोळ्यांनी बघा आणि मग काय ती रेघ ओढा. माझं म्हणाल, तर मला नवा रंग नको, कौतुक तर नकोच. एक पत्र इकडून हवं आणि एक तिकडून. तेवढ्यासाठी तीन वर्षं माझं पाणी अडवून ठेवलं आहे.