पेटीतलं हसणं

"सगळ्या टेप पुसल्या, लेस," टेप सांभाळणारा जीन म्हणाला. "एकसुद्धा शिल्लक नाही. उगाच धूळ खाऊ नकोस."

यंग्सटाउनच्या टीव्ही स्टेशनच्या तळघरात लेस्टर वार्गो रिकाम्या फळ्यांसमोर उभा होता. त्याची बायको डोलोरेस जाऊन सहा आठवडे झाले होते.

एकेकाळी लेस्टर या स्टेशनवर रोज संध्याकाळी हवामान सांगायचा आणि शनिवारी दुपारी तोंडाला पांढरा रंग फासून डॉक्टर ऑस्कुरो व्हायचा. भुताखेतांचे जुने काळे-पांढरे सिनेमे दाखवायचा. मध्येच शवपेटीवर टकटक करायचा, की आतून बाईचं हसणं यायचं. सगळ्या गावातली पोरं सोफ्यामागे लपायची. पेटीत डोलोरेस असायची, मानेखाली उशी घेऊन. झाकण बंद होईपर्यंत विणकाम करत.

पेटीतली बाई कोण हे कुणाला कळू द्यायचं नाही, असा स्टेशनच्या साहेबांचा हुकूम होता. एकदा वर्तमानपत्रवाल्याने विचारलंच, तेव्हा लेस्टर म्हणाला, "मीच हसतो. घसा माझाच." डोलोरेसने ती बातमी कापून फ्रिजवर लावली. पुढे कार्यक्रम बंद पडला, साहेब गेले, तरी लेस्टरने ते खोटं तसंच चालू ठेवलं. मिरवणुकीत, वाढदिवसांना तो हसून दाखवायचा.

आता गावच्या म्युझियममध्ये ती पेटी मांडणार होते. पेटीखाली लावायची पाटी त्यांनी तपासायला पाठवली होती: 'हसणं – लेस्टर वार्गो. बदल असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा.' बदल होता. पण तीस वर्षं एक सांगून आता दुसरं सांगितलं, तर म्हातारा बायकोच्या दुःखाने भ्रमला म्हणतील. म्हणून तिचं हसणं असलेली टेप हवी होती.

"आपलं कसं होतं, तुला ठाऊकच आहे," जीन म्हणाला. "शनिवारी तुझं भूत, सोमवारी त्याच टेपवर बोलिंगचे सामने."

"एक तिने ठेवून घेतली होती ना? हॅलोवीनची?"

जीनने चष्मा काढून शर्टाला पुसला.

"होती. लाल चिठ्ठी लावून ठेवली होती मी. तूच घेऊन गेलास, डॉक्टर. हिमवादळ आलं होतं, हवामानाच्या बातम्यांना कोरी टेप नव्हती. मी म्हटलं, अरे, डोलोरेसची आहे. तर म्हणालास, 'बायको घरातच आहे, परत हसेल.'"

लेस्टरला ते आठवेना. पण बोलणं त्याचंच होतं, यात शंका नव्हती.

तो जिना चढून वर आला. दाराजवळच्या टेबलावरची रेनी उठून उभीच राहिली.

"मिस्टर वार्गो! माझी आई अजून तळघरात एकटी जात नाही तुमच्यामुळे. ते हसून दाखवा ना! एकदाच!"

बातम्यांच्या खोलीतून दोघेतिघे बाहेर आले. कुणीतरी टेबलावर टकटक केली.

"ऐका," लेस्टर म्हणाला, "ते हसणं..."

सगळे ओठ दाबून वाट पाहत होते. तो हसला. वरच्या पट्टीत आवाज फाटला, तरी त्याने शेवटपर्यंत रेटलं.

"अगदी तेच!" रेनीने टाळ्या वाजवल्या. "जराही बदललं नाही!"

घरी आल्यावर त्याने कोटही काढला नाही. स्वयंपाकघरात उभा राहून तो पुन्हा हसला. मग हलक्या आवाजात. मग दात मिटून, ती हसायची तसं. प्रत्येक वेळी थांबून कान देत राहिला. डॉक्टर ऑस्कुरो होऊन वर्षानुवर्षं त्याने लोकांना सांगितलं होतं की मेलेली माणसं परत येतात, फक्त हाक मारायची. नळ ठिबकत होता. बाकी काही नाही.

म्युझियमचा नंबर त्याने दोनदा फिरवला आणि पलीकडून 'हॅलो' येताच ठेवून दिला.

आज रविवार. प्रदर्शन सुरू झालं. पाटीवर त्याचंच नाव आहे. ते हसणं डोलोरेसचं होतं, हे त्याने अजून कुणालाही सांगितलेलं नाही.