वर वळवलेला आरसा

पुण्याच्या गॅरेजवाल्यानं इंजिनाचा जो खर्च सांगितला, त्यात दुसरी जुनी मोटार आली असती. आमचीही जुनीच होती. मिशनचे साहेब मायदेशी परतताना ती येशुदासांना, म्हणजे आमच्या ह्यांना, विकून गेले. शिरूरला ती भाड्यानं फिरायची आणि तिच्यावर आमची चूल पेटायची. इंजिन बसलं तसे हेही अंगणात मुकाट बसून राहिले. ह्यांचा गाडीवर भारी जीव, पण माणसांशी बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

शेवटी मीच म्हणाले, "माझा मामेभाऊ एलिया दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर हाय. त्याला विचारा की." बायकोच्या माहेरच्या माणसापुढं जायचं ह्यांच्या जिवावर आलं, पण गेले. ट्रकमागं दोर बांधून गाडी दौंडला नेली.

एलियानं सुट्टीच्या दिवशी दारातच इंजिन उघडलं. बेअरिंगांवरचा धातूचा थर वितळून गेला होता. एलियानं नवी बेअरिंगं न घेता जुन्यांवरच नवा धातू ओतला आणि हातानं तासून ती बसवली. मजुरी विचारली तर हसला. "नाताळात आईला देवळात नेऊन आणा, झालं." पण निघताना त्यानं ह्यांचा हात धरला.

"दाजी, बेअरिंग नवं हाय, घट्ट हाय. पाचशे मैल व्हस्तवर ताशी विसाच्या वर न्यायची न्हाई. कुणी काय बी म्हणू द्या. तापून जाम झालं तर इंजिन भंगारात. मग मी बी काय करू शकणार न्हाई."

आम्ही दोघं शिरूरकडं परत निघालो. न्हावऱ्याजवळ रस्त्याच्या मधोमध एक माणूस हात पसरून उभा होता. गावातले मोठे बागाईतदार हौसराव. मागं बाजेवर त्यांची सून मुक्ता कण्हत होती. बाळंतपण अडलं होतं आणि सुईणीनं हात टेकले होते. आम्ही तिला मागच्या सीटवर घेतलं, डोकं माझ्या मांडीवर. हौसराव पुढं बसले.

"शिरूरच्या दवाखान्यात. पळवा!"

गाडी निघाली. काटा विसावर आला आणि तिथंच राहिला.

"अवो, पळवा की!"

"पळवता येत न्हाई, आप्पा. इंजिन नवं बांधलंय."

"माणूस मरतंय आन् तुम्ही गाडी जपताय व्हय?"

माझ्याही मनात तेच होतं. तेवढ्यात ह्यांनी हात वर नेला आणि समोरचा आरसा फिरवून टपाकडं केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या पोरीचं तोंडसुद्धा बघवेना का ह्यांना?

मुक्तानं माझं मनगट धरलं होतं. तिच्या मुठीत माझी बांगडी पिचली. मग तिचं ओरडणंच थांबलं, आणि त्यानं मी जास्त घाबरले.

"अहो, जळू द्या ती गाडी!" मी किंचाळले. "दाबा!"

ह्यांनी दाबली. झाडं भराभर मागं पडली. पुढचा चढ लागला आणि इंजिनातून आवाज आला. टक. टक. टक. ह्यांनी चढावरच गाडी थांबवली, मागच्या चाकाला दगड लावला आणि बॉनेट उघडलं.

हौसरावांनी उतरून ह्यांची गचांडी धरली. "इथं थांबता? माझ्या सुनंला मारायला?"

"हिथं दुसरी गाडी न्हाई, आप्पा. ही बसली तर संपलं. जरा निवू द्या."

हौसरावांनी गचांडी सोडली, पण मूठ वळलेलीच होती. मी मुक्ताच्या तोंडाला पाणी लावलं आणि प्रार्थना करू लागले. शब्दच आठवेनात, नुसतं "प्रभू, प्रभू" म्हणत राहिले. ह्यांनी इंजिनात तेल ओतलं, कान लावून उभे राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. मग हँडल मारलं. इंजिन सुरू झालं आणि ती टकटक थांबली होती. काटा पुन्हा विसावर.

शिरूरला नर्सनं मुक्ताला आत नेलं. आम्ही बाहेर कडुनिंबाखाली थांबलो. बऱ्याच वेळानं आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि नर्सनं दारातून सांगितलं, "आई बी ठीक हाय." हौसरावांनी दाराकडं बघून हात जोडले.

"मी तुमाला चढावरच हाणणार व्हतो," ते ह्यांना म्हणाले.

"हाणलं असतं तरी तिथनं पुढं चालवली विसानंच असती," हे म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

मी शेजारी जाऊन बसले. राग अजून पुरता गेला नव्हता. "आरसा कशाला फिरवला हो?"

"तिच्याकडं बघितलं असतं तर पहिल्यापासनंच दाबली असती, प्रेमा. तुझा नुसता आवाज ऐकला तर ऱ्हावलं न्हाई."

आरसा अजून टपाकडंच होता. मी तो सरळ केला. त्यात मला ह्यांचं तोंड दिसलं. ओठ घट्ट मिटून हे रडत होते.

मी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. घर अगदी जवळ होतं, तरी मीच म्हणाले, "विसानंच चला."