डावखुऱ्या हाताचा गिलावा

“मामा, कॅमेरा बाहेर ठेव!” मी ओरडले, पण उशीर झाला होता. कॅमेरा गळ्यात अडकवूनच मामा आजींच्या स्वयंपाकघरात शेगडीपाशी पोचला होता, आणि आजींनी त्याच्या हातात चहाचा कपही दिला होता.

“टेका हो दोन मिनिटं. बोटं आखडली असतील थंडीनं.”

सकाळपासून गारठलेल्या भिंगावर आतल्या उबेनं धुकं धरलं. मामानं पुसलं. पुन्हा धरलं. बारा वाजून चार मिनिटं झाली होती.

मामाचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ. आठवडाभर ‘हनुवटी खाली, खांदे सरळ’ करायचं आणि हिवाळ्यातल्या रविवारी खेड्यापाड्यांतल्या जुन्या इमारती टिपत हिंडायचं, हा त्याचा वीस वर्षांचा नेम. पानं गळाल्यामुळे भिंती मोकळ्या होतात, आणि ऊन दिवसभर तिरकं पडतं. शिवाय तो म्हणायचा, “कोठार कधी म्हणत नाही, माझे डोळे मिटलेत, परत काढा.” मी नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी बसले होते, म्हणून कॅमेऱ्याची तिवई माझ्या खांद्यावर.

आजचं कोठार सकाळीच ओळख झालेल्या या आजींच्या अंगणापलीकडे होतं. छप्पर खचलेलं, उद्या सकाळी पाडणार होते. आजींची त्याला हरकत नव्हती. “कुणाच्या डोक्यात पडण्यापेक्षा पाडलेलं बरं.” त्यांना फक्त पश्चिमेच्या भिंतीचा फोटो हवा होता. तिचा गिलावा त्यांच्या वडिलांनी केलेला. वडील गवंडी होते, डावखुरे. इतरांच्या थापीचे वळसे एका अंगाला झुकतात, त्यांचे बरोबर उलटे. आजी सात वर्षांच्या असताना ते वारले. फोटो एकही नाही.

वर्षानुवर्षांच्या चुन्याखाली ते वळसे बुजले होते. हिवाळ्यात बाराच्या सुमारास ऊन भिंतीला घासून जातं, तेवढी वीस मिनिटं ते दिसत; मग आजींच्या घराची सावली भिंतीवर चढायची.

आम्ही धावत बाहेर आलो. वळसे डोळ्यांना स्वच्छ दिसत होते, कॅमेऱ्याला नाही. मामा भिंगापुढे कागद हलवत बसला.

“वीस वर्षांत असं कधी झालं नाही गं.”

“चहाला नाही म्हणणं तुला वीस वर्षांत जमलेलं नाही.”

“माझंच चुकलं,” आजी म्हणाल्या. “मेला चहा!”

“चहाला नावं ठेवू नका,” मामा म्हणाला. “झकास होता.”

भिंग निवळलं तेव्हा भिंत पूर्ण सावलीत गेली होती. सपाट, पांढरी, मुकी. आजी पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडे असूनही.

भिंतीच्या टोकाला, पाच पावलांवर, अंगणात ऊन होतंच. ते फक्त वळवायचं होतं.

“आजी, मोठा आरसा आहे?”

“कपाटाचा आहे. दार मोडलंय, आरसा शाबूत आहे.”

मामानं आणि मी तो आणला. मी उन्हात उकिडवी बसून तो मांडीवर टेकवला आणि हळूहळू वळवला. उजेडाचा पट्टा जमिनीवरून सरकत भिंतीला लागला, अगदी कडेनं. आणि भिंतीवर वळसे उठले, एकामागून एक, खालून वर जाणारे.

“हलू नकोस,” मामा पुटपुटला. “शास्त्र आत्ता कुठे कामाला आलं.”

रोलमध्ये तीनच फोटो उरले होते. त्यानं तिन्ही काढले.

“झालं, आजी.”

आजी भिंतीपाशी गेल्या. एका वळशाच्या सुरुवातीला त्यांनी डावा तळवा टेकवला आणि त्यावरून हात वर नेत गेल्या. वळसा संपेना. त्यांनी टाचा उचलल्या. तरी तो त्यांच्या बोटांच्या वर वीतभर गेलेलाच होता.

“गिलाव्याचा हा पट्टा जमिनीवर उभं राहूनच मारलाय,” त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. “परांची लावली ती याच्या वरच्यासाठी. ठाऊक आहे मला, मी पाणी आणून देत होते.” मग वळशाच्या टोकाकडे मान उचलून, “म्हणजे उंचच होते की हो. मला वाटायचं, मी लहान होते म्हणून तसे दिसायचे.”

मामा तिवई मिटायची सोडून उभा होता. सूर्य सरकत होता, त्यामुळे उजेडाचा पट्टा भिंतीवरून सुटू पाहत होता. माझे हात भरून आले होते. त्यांचा हात खाली येईपर्यंत मी आरसा केसाकेसानं वळवत राहिले.