जतरूचा अंगठा

बिरसीने मान खाली घातली आणि मारक्या म्हशीसारखी धावत जाऊन दिराच्या नाकावर कपाळ आपटलं.

काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. जतरू रेशनच्या पोत्यांवर कोसळला. तिने त्याच्या पोटात लाथ घातली, मग बरगडीत. हात असते तर गळाच धरला असता. पण दोन्ही पंजे तीन वर्षांपूर्वी खडीच्या क्रशरने खाल्ले होते. उरलेल्या मनगटांनीच ती त्याच्या कानशिलांवर दणके घालत सुटली.

"भौजी, मरेन मी."

"मर. सहा महिने सांगतोस, मशीन तुझा अंगठा घेत नाही. आणि हा दुकानदार सावजी म्हणतो, दर महिन्याला तांदूळ उचललास."

रांग मागे सरकली, मोडली मात्र नाही.

"तरीच याच्या बायकोची तांदळाची दारू बाजारात संपता संपत नाही," कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. बिरसीने वळून पाहिलं तसे जमिनीकडे बघू लागले. प्यायले तेही होते.

"रोज वाटीभर पेज आणून देते तुझी बायको," बिरसीला धाप लागली होती. "वर म्हणते, लाजू नको, आपलीच आहेस. माझ्याच तांदळाचं पाणी मला दान करता?"

तिने पुन्हा पाय उचलला.

"पुरे गं," दुकानदार लखन साव म्हणाला. मशीन फुटेल म्हणून त्याने ते पोटाशी धरलं होतं. "तुझ्या कार्डावर अंगठा याचाच. बदलायचा तर अर्ज, साहेबाची सही, चार महिने. आणि या महिन्याचा आज शेवटचा दिवस."

"माझे डोळे लाव मशीनला."

"डोळ्यांचं मशीन इकडे आलंच नाही."

"तांदूळ माझाच ना?"

"तुझाच. पण अंगठा याचा."

बिरसीने पाय खाली टेकवला.

सावने मशीन पुढे केलं. जतरूने नाकावरचा हात काढून अंगठा लावला. लाल दिवा. पुन्हा लावला. पुन्हा लाल.

"रक्ताने घेत नाही," साव म्हणाला.

बिरसी दिरापुढे उकिडवी बसली. पदर दातांनी मनगटावर ओढला, त्यावर थुंकली आणि त्याचा अंगठा पुसू लागली. हळूहळू, नखाच्या कडेपासून, लेकराचं तोंड पुसावं तसा.

"मान वर धर. परत ओघळेल."

त्याने मान वर धरली. तिने मनगटाने त्याचा अंगठा मशीनवर दाबला. हिरवा दिवा लागला. साव माप घ्यायला वळला, तरी तिने दाब काढला नाही.

"पुढच्या महिन्यापर्यंत," ती म्हणाली, "विळा जपून चालव."